आजोबांच्या छायाचित्रातील बॉम्बफेकी विमान : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात किंवा विमानांच्या कारखान्यात नोकरी केलेल्या नातेवाइकांची छायाचित्रे ज्यांच्या घरी आहेत आणि त्यांवरून विमानाची प्रतिकृती करण्याची ज्यांची इच्छा आहे, अशा वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आम्ही गेल्या अंकात सुचवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु त्यातील पुष्कळसा भाग इतर वाचकांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या आईचे वडील १९४२ मध्ये हवाई दलात फिटर म्हणून भरती झाले होते. त्या दिवसांविषयी ते घरात फारसे बोलत नसत. मामांच्या घराची डागडुजी चालू असताना त्यांच्या ट्रंकेत काही छायाचित्रे सापडली आणि त्यांपैकी दोहोंमध्ये एका इंजिनाचे मोठे विमान आहे. एकात आजोबा पंखावर उभे असून त्यांच्या मागे काचेचे लांबलचक छत दिसते. दुसऱ्यात विमान समोरून, जरा तिरपे दिसते आणि त्याचा पंख मध्येच वाकल्यासारखा वाटतो. छायाचित्रामागे शाईने इंग्रजीत ‘आर. आय. ए. एफ., आसाम, १९४४’ असे लिहिले आहे. हे स्पिटफायर असावे असे मामांचे म्हणणे आहे. मला आणि दहावीतल्या माझ्या मुलाला याची प्रतिकृती करायची आहे. विमान कोणते, किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) कोणते घ्यावे आणि रंग कोणते द्यावेत? – एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या मामांचा आदर राखून सांगतो, हे स्पिटफायर नाही. स्पिटफायर एकट्या वैमानिकाचे लढाऊ विमान होते. आपल्या छायाचित्रातील छताखाली मात्र एकामागे एक अशा दोन माणसांची सोय स्पष्ट दिसते. पुढे भले मोठे गोल इंजिन, मागे तोंड करून बसणाऱ्या तोफचीची जागा आणि मध्येच दिशा बदलणारा पंख, या तीन खुणा एकत्र आल्या की ते व्हल्टी कंपनीचे व्हेंजन्स विमान असते. हे अमेरिकेत बांधलेले, जवळजवळ उभा सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान होते. जर्मनांच्या स्टुका विमानांचा गाजावाजा ऐन भरात असताना, १९४० मध्ये ब्रिटिशांनी त्याची मागणी नोंदवली. परंतु ते हाती येईपर्यंत युरोपातील आकाशात असे संथ विमान पाठवणे धोक्याचे ठरले होते. म्हणून ते भारतात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले, आणि तेथे त्याने आपली किंमत सिद्ध केली. जंगलात लपलेले जपानी मोर्चे आणि पूल यांच्यावर अचूक बॉम्ब टाकण्यासाठी सरळ खाली येणाऱ्या विमानाचा चांगलाच उपयोग होत असे.

भारतीय हवाई दलाच्या दोन स्क्वाड्रनकडे, म्हणजे विमानांच्या तुकड्यांकडे, व्हेंजन्स होते, ७ क्रमांकाची आणि ८ क्रमांकाची. दोन्ही १९४२ च्या डिसेंबरात उभ्या राहिल्या, पहिली विशाखापट्टणमला आणि दुसरी त्रिचनापल्लीला. आठवी स्क्वाड्रन १९४३ च्या अखेरीस चितगावच्या बाजूने आराकान आघाडीवर लढू लागली, तर हेम चौधरी यांच्या नेतृत्वाखालील सातवी १९४४ च्या मार्चमध्ये सिल्चरजवळच्या उदरबंद येथील धावपट्टीवर आली आणि इंफाळच्या लढाईच्या काळात तेथूनच उडत राहिली. ‘आसाम, १९४४’ ही नोंद सातव्या स्क्वाड्रनशी जुळते. तरीही एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नये, कारण त्याच परिसरातून ब्रिटिश हवाई दलाच्या व्हेंजन्स स्क्वाड्रनही उडत होत्या. खात्री करायची असेल तर आजोबांचा सेवाक्रमांक शोधावा. हवाई दलातील सैनिकांच्या नोंदी नवी दिल्लीतील सुब्रतो पार्क येथील हवाई दल अभिलेख कार्यालयात असतात, आणि स्क्वाड्रनच्या रोजच्या कामगिरीच्या वह्या लंडनजवळ क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आजोबांच्या बाहीवर दोन पात्यांच्या आडव्या पंख्याचे चिन्ह आहे का, तेही भिंगाखाली पाहावे. ते असेल तर त्यांचा हुद्दा ‘लीडिंग एअरक्राफ्ट्समन’ होता, असे समजावे, आणि नोंदी मागताना त्याचा उपयोग होईल.

छायाचित्रामागील मजकुराविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतीय हवाई दलाच्या नावाआधी ‘रॉयल’ हा शब्द १९४५ च्या मार्चमध्ये लागला, त्यामुळे १९४४ मध्ये कोणी ‘आर. आय. ए. एफ.’ असे लिहिले नसते. म्हणजे छायाचित्र १९४४ चे असले तरी शाईची नोंद नंतरची, बहुधा आठवणीने केलेली आहे. यामुळे ती खोटी ठरत नाही, परंतु साल आणि ठिकाण यांना दुसरा आधार मिळेपर्यंत प्रतिकृतीच्या पाटीवर ते छातीठोकपणे लिहू नये.

दुसरा आधार छायाचित्रातच असू शकतो. विमानाच्या मागच्या भागावर, शेपटीच्या जरा पुढे, दोन इंग्रजी अक्षरे आणि तीन आकडे असा अनुक्रमांक असतो. तो वाचता आला तर अर्धे काम झाले, कारण विमानाचा नेमका प्रकार त्यावरून कळतो. ‘ईझेड’ने सुरू होणारी व्हेंजन्स विमाने मार्क १-ए या प्रकारची असून ‘एफबी’ची मार्क ३ ची आहेत. तो वाचण्यासाठी छायाचित्र मोबाइलने टिपू नये, चांगल्या स्कॅनरवर घ्यावे. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला इंचाला ६०० ठिपके पुरेत, परंतु त्या काळी निगेटिव्हच्याच आकाराच्या बारक्या प्रतीही काढत असत, तशी असेल तर १२०० ठेवावेत. मागची बाजूही अवश्य स्कॅन करावी. छायाचित्र काळ्या पानांच्या अल्बममध्ये डकवलेले असेल तर ते उपटू नये, पानासकटच स्कॅन करावे. लॅमिनेशनचा विचार तर मनातही आणू नये. उष्णतेने आणि चिकटद्रव्याने जुनी प्रत कायमची खराब होते.

आता रंगांकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत येथेच होते. कृष्णधवल छायाचित्रातील करड्या छटेवरून मूळ रंग थेट ओळखता येत नाही. त्या काळातील काही फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत, आणि त्यांवर तांबडे काळपट व निळे फिकट उमटे. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर हेच प्रमाण बरेच बदलत असे. पंखावरील आणि अंगावरील वर्तुळाचा मधला भाग आपल्याला पांढरट दिसतो आणि बाहेरील कडे गडद दिसते, असे आपल्या वर्णनाबरोबरच्या प्रतीवरून जाणवते. हे योग्यच आहे. ब्रिटिश वर्तुळाच्या मध्यभागी एरवी तांबडा ठिपका असतो, परंतु जपानी विमानांवर तांबडा सूर्यगोल असल्यामुळे आपल्याच तोफांनी आपलीच विमाने पाडू नयेत म्हणून या आघाडीवर वर्तुळातील तांबडा रंग काढून टाकला गेला. उरलेला पांढरा लांबून चमकू नये यासाठी त्यात निळा मिसळण्याची पद्धत होती. म्हणून आपल्या प्रतिकृतीवर बाहेर गडद निळा आणि आत फिकट निळसर असे वर्तुळ हवे, आणि शेपटीवरील उभ्या पट्ट्यांतही हेच दोन रंग हवेत. विमानाच्या वरच्या बाजूला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी यांचे मोठे पट्टे, खालच्या बाजूला फिकट रंग, ही त्या काळातील नेहमीची रंगसंगती होय. छायाचित्रात हिरवा आणि तपकिरी वेगळे ओळखू येत नसतील तर घाबरू नये. उन्हाने विटल्यावर ते दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळतात. काही किटांमध्ये पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे सुचवलेले असतात, ते आपल्या विमानाला देऊ नयेत. ते १९४५ च्या सुरुवातीला आले आणि तोवर भारतीय स्क्वाड्रननी व्हेंजन्स सोडून दिले होते.

किटांमध्ये फारशी निवड नाही. फ्रॉग या जुन्या ब्रिटिश कंपनीचे १/७२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढे, किट कधीमधी संग्राहकांकडे मिळते, परंतु त्याची किंमत संग्राहकांची आणि बारकावे त्या काळचे, म्हणून मी ते सुचवणार नाही. चेक प्रजासत्ताकातील स्पेशल हॉबी आणि युक्रेनमधील डोरा विंग्ज या कंपन्यांची किटे अधिक बरी आहेत. विमानाची पंखापासून पंखापर्यंतची रुंदी ४८ फूट, म्हणजे १४.६३ मीटर होती; १/७२ मध्ये ती सुमारे २० सेंटिमीटर होते आणि १/४८ मध्ये साधारण ३० सेंटिमीटर. खोक्यावर मार्क १, १-ए, २ किंवा ३ असे लिहिले आहे याची खात्री करावी. मार्क ४ ही नंतरची आवृत्ती वेगळी होती. तिच्यात पंख विमानाच्या अंगाला बसवण्याचा कोन बदलला होता. आधीच्या आवृत्त्यांमध्ये हा कोन शून्य होता, त्यामुळे सरळ खाली सूर मारताना विमान लक्ष्यापासून ढळत नसे, पण सपाट उडताना मात्र नाक वर करून उडावे लागे आणि वैमानिकाला पुढचे नीट दिसत नसे. ही बाब प्रतिकृती स्टँडवर उडत्या स्थितीत ठेवायची असेल तर उपयोगी पडेल, कारण नाक किंचित उंचावलेले व्हेंजन्सच खरे दिसते.

स्पेशल हॉबीची किटे मर्यादित संख्येत काढलेली असतात. दोन भाग जुळवण्यासाठी खुंट्या नसतात, काही भाग रेझिनचे आणि पंखांवरील जाळीदार ब्रेक पातळ धातूचे असतात. मुलाने याआधी एकही किट जोडलेले नसेल तर हे पहिले किट म्हणून देऊ नये. आधी एखादे सोपे, सहज जुळणारे १/७२ चे हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान त्याच्याकडून करून घ्यावे. सातव्या स्क्वाड्रनने व्हेंजन्सनंतर हरिकेनच घेतले होते, त्यामुळे सरावाचे विमानही कपाटात आजोबांच्याच विमानाशेजारी शोभेल. रंगकाम पावसाळ्यात करू नये, विशेषतः लॅकर प्रकारच्या फवारणीच्या रंगाने. हवेतील ओलाव्यामुळे सुकताना पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते आणि मग ती घासून काढावी लागते.

शेवटचा मुद्दा मळकटपणाचा. हल्ली प्रतिकृतीला गंज, धूळ आणि ओरखडे देण्याची फॅशन फार बोकाळली आहे आणि बहुतेक वेळा ते अतीच होते. व्हेंजन्सच्या बाबतीत मात्र इंजिनाच्या आच्छादनामागे तेलाचे ओघळ दाखवणे योग्य ठरेल, कारण त्याचे राइट कंपनीचे १,६०० अश्वशक्तीचे इंजिन भरमसाट तेल खाण्याबद्दल प्रसिद्ध होते. ते पुसणारे हात आपल्या आजोबांसारख्या फिटरांचेच होते. छायाचित्रात जेवढे ओघळ दिसतात तेवढेच दाखवावेत.

प्रश्न : माझे चुलत आजोबा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात होते. त्यांनी मागे ठेवलेल्या दोन छायाचित्रांत चार इंजिनांचे, दोन शेपट्यांचे प्रचंड बॉम्बफेकी विमान आहे. घरात या छायाचित्रांना ‘युद्धातले फोटो’ म्हणतात. एका विमानाच्या अंगावर आऱ्या असलेले चाक दिसते. दुसरे छायाचित्र लोहगावचे असल्याचे सांगतात. किट कोणते घ्यावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : विमान युद्धातले आहे, छायाचित्रे युद्धातली नाहीत. हे कन्सॉलिडेटेड लिबरेटर होय, १८ हजारांहून अधिक संख्येने बांधले गेलेले बी-२४. आऱ्यांचे चाक म्हणजे अशोकचक्र, आणि विमानांवर चक्राचे चिन्ह १९४८ ते १९५० या अल्प काळातच होते. त्यानंतर केशरी, पांढरे आणि हिरवे वर्तुळ आले. म्हणजे आपले पहिले छायाचित्र या दोन वर्षांच्या आतबाहेरचे आहे, आणि चुलत आजोबांची नोकरी पाहता त्यामागील हकिकतही सांगता येते.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर विमाने कानपूरच्या तळावर सोडून देण्यात आली. उसनवारीच्या कराराखाली अमेरिकेकडून मिळालेली ही विमाने कोणाच्या हाती चालू स्थितीत जाऊ नयेत म्हणून ती मुद्दाम निकामी केली होती. स्वतंत्र भारताला दूर पल्ल्याची विमाने हवी होती आणि विकत घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्या भंगारातील सुमारे ४० विमाने कशीबशी उडण्याजोगी केली, कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला आणली आणि तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. या विमानांवर १९४८ च्या नोव्हेंबरात पाचवी स्क्वाड्रन कानपूरला उभी राहिली. सहावी १९५१ मध्ये पुण्यात समुद्री टेहळणीसाठी पुन्हा उभी करण्यात आली आणि लोहगावचे छायाचित्र बहुधा तिचेच असावे. भारताने लिबरेटर १९६८ पर्यंत वापरले. आज परदेशी संग्रहालयांत जी थोडी लिबरेटर उरली आहेत, त्यांतील बरीच भारतातून गेलेली आहेत. १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला मिळालेले केएन ७५१ आणि अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील पिमा संग्रहालयातील विमान ही त्यांपैकीच होत. आपल्या चुलत आजोबांनी हात लावलेला एखादा पत्रा त्यांत असणे अशक्य नाही.

किटाविषयी बोलायचे तर १/७२ मध्ये हासेगावा आणि अकॅडमी यांची बी-२४-जे ही किटे चांगली आहेत. १/४८ मध्ये मोनोग्रामचे जुने किट आहे, पण घेण्यापूर्वी टेबल मोजावे. पंखांची रुंदी जवळजवळ ७० सेंटिमीटर होते. दोन सूचना मात्र पाळाव्यात. लिबरेटरला नाकाखाली चाक असते आणि प्रतिकृतीचा भार मागे जातो, त्यामुळे दोन अर्धे भाग चिकटवण्यापूर्वी नाकात शिशाचे छर्रे नीट डकवून घ्यावेत, नाहीतर एवढे कष्ट करून विमान शेपटीवर बसते. तसेच बॉम्बकोठीची दारे उघडी दाखवायची असतील तर ती बिजागरीवर खाली लोंबकळत नसत, दुकानाच्या शटरसारखी विमानाच्या अंगावरून वर सरकत. कित्येक अनुभवी लोकही येथे चुकतात. आपल्या पहिल्या छायाचित्रातील विमान रंगवलेले नाही, उघड्या ॲल्युमिनियमचे आहे, आणि त्याचे पत्रे एकसारखे चमकत नाहीत. वेगवेगळे पत्रे चंदेरी रंगाच्या वेगवेगळ्या छटांनी रंगवले तर ही दुरुस्तीची कथा काही न लिहिताही दिसेल. चक्राचे डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चिन्ह, किटात मिळणार नाही. छपाईच्या डीकल-कागदावर ते घरी छापता येते, परंतु तसा कागद पारदर्शक असल्यामुळे त्याखाली आधी पांढरे वर्तुळ रंगवून घ्यावे.

प्रश्न : आमच्या घरी विमानाचे छायाचित्र नाही, पण माझ्या पणजोबांकडून ऐकले आहे की इंग्लंडमधून जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांत एक मराठी माणूस होता. हे खरे का? त्याच्या विमानाची प्रतिकृती करता येईल का? – एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : खरे आहे. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे ब्रिटिश हवाई दलाच्या ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टर विमानावर नॅव्हिगेटर, म्हणजे मार्गदर्शक होते आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. ते ज्या विमानांतून उडाले त्यांपैकी आर ५८६८ हे लँकेस्टर आजही लंडनच्या हेंडन येथील हवाई दल संग्रहालयात उभे आहे. या विमानाने शंभराहून अधिक मोहिमा केल्या, म्हणून त्याची छायाचित्रे मुबलक आहेत आणि त्याची चिन्हे देणारी किटेही निघतात.

येथेच सावध राहावे लागेल. किटांत या विमानाची जी चिन्हे असतात ती ‘एस फॉर शुगर’ या त्याच्या नंतरच्या रूपाची असतात, जेव्हा ते ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनकडे होते. नाकाजवळ बॉम्बच्या चित्रांच्या रांगा आणि जर्मन हवाई दलप्रमुख गोअरिंग यांच्या फुशारकीचे वाक्य त्यावर रंगवलेले असते. सुखठणकर त्यातून उडत होते तेव्हा त्याचे अक्षर ‘क्यू’ होते आणि ते वाक्य त्यावर नव्हते. सुखठणकरांचे विमान करायचे असेल तर ‘ओएल’ ही ८३ व्या स्क्वाड्रनची खूण आणि ‘क्यू’ ही अक्षरे स्वतंत्रपणे मिळवावी लागतील. अशी अक्षरांची डीकले सुटी विकत मिळतात. एअरफिक्सचे नवे १/७२ लँकेस्टर यासाठी पुरेसे आहे आणि त्याची रुंदी ४३ सेंटिमीटर भरते. मार्गदर्शकाचे टेबल वैमानिकाच्या मागे, पडद्याआड असे, कारण रात्री नकाशावरील दिव्याचा उजेड बाहेर दिसून चालत नसे. तो पडदा टिशू कागद पातळ गोंदात बुडवून सहज करता येतो, आणि तो भाग छतातून दिसतोही.

प्रश्न : आपण बॉम्बफेकी विमानांच्या प्रतिकृतींचे इतक्या उत्साहाने वर्णन करता, याचा मला विषाद वाटतो. या विमानांनी माणसे मारली. आजोबांची आठवण जपायची तर त्यांचे छायाचित्र भिंतीवर लावावे, मुलांच्या हाती संहाराची यंत्रे कशाला द्यावीत? – एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या आक्षेपाला मी बगल देणार नाही. बॉम्बफेकी विमानाचा उद्देश आपण सांगता तोच होता. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बॉम्ब टाकले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलकात्यावरही टाकले. उलट दिशेने ब्रिटिश आणि अमेरिकन विमाने रंगूनवर जात होती. खाली जे होते त्यांना विमानाच्या पंखावरील वर्तुळाचा रंग कोणता, याने काही फरक पडला नसेल.

तरीही मला वाटते की भिंतीवरचे छायाचित्र जेवढे सांगते त्यापेक्षा प्रतिकृती करणाऱ्याला अधिक कळते. व्हेंजन्सचा मागचा कोनाडा रंगवताना मुलाला प्रथमच प्रश्न पडतो की मागे तोंड करून बसलेला माणूस, विमान सरळ खाली कोसळत असताना, काय पाहत असेल. लँकेस्टरमध्ये सात माणसे कशी कोंबलेली असत आणि बाहेर पडायला जागा किती अरुंद होती, हे पुस्तकात वाचून पटत नाही, हातात घेतल्यावर पटते. खोक्यावरील चित्रात विमान नेहमी ज्वाळांच्या वर दिमाखात उडत असते. घरातील छायाचित्रात मात्र ते चिखलात उभे असते आणि भोवती घामेजलेली, बहुधा पंचविशीच्या आतली माणसे असतात. मी छायाचित्रावरून प्रतिकृती करा असे सांगतो, ते यासाठीही. बॉम्ब लावायचेच तर लावावेत, लपवू नयेत. आणि पाटीवर विमानाच्या वेगाबरोबर त्याने कोठे आणि कशावर हल्ले केले तेही लिहावे. ज्यांना हे नको वाटते त्यांनी खुशाल छायाचित्र भिंतीवर लावावे. फक्त थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नये, आणि मूळ प्रत ठेवून नक्कल लावावी.

प्रश्न : परदेशी किटांच्या किमती आणि त्यावरील आयात शुल्क पाहता ती आमच्या आवाक्याबाहेर आहेत. माझ्या आजोबांच्या भावाच्या छायाचित्रात व्हेंजन्ससारखेच विमान आहे. ते लाकडात करता येईल का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : येईल, आणि ही पद्धत प्लॅस्टिकच्या किटांपेक्षा जुनी आहे. आपले विमान आणि शत्रूचे विमान लांबून ओळखता यावे म्हणून युद्धकाळात सैनिकांना लाकडी प्रतिकृती दाखवून शिकवत असत. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून अशा हजारो प्रतिकृती करून घेतल्या, त्याही १/७२ प्रमाणातच. आपण तर सावंतवाडीचे. लाकडी खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड वापरण्याची परंपरा आपल्याच गावची आहे, तेव्हा एखाद्या कारागिराकडून वाळलेला तुकडा मागून घ्यावा. ओले लाकूड घेऊ नये, नंतर ते पिळते आणि पंख वाकडे होतात.

मापे छायाचित्रावरून घेऊ नयेत. जवळून घेतलेल्या छायाचित्रात पुढचा भाग फुगतो आणि मागचा आखडतो. मापे तीन बाजूंच्या आराखड्यावरून घ्यावीत: १/७२ मध्ये व्हेंजन्सची लांबी १६.८ सेंटिमीटर आणि रुंदी २०.३ सेंटिमीटर. बाजूचा आणि वरचा आकार पुठ्ठ्यावर कापून ते साचे लाकडावर ठेवून कोरावे. पंख एका फळीत करण्याचा हट्ट धरू नये. आतला भाग सपाट आणि बाहेरचे दोन तुकडे किंचित वर उचललेले असल्यामुळे ते वेगळे कोरून मध्ये तारेची खुंटी घालून जोडणेच सोपे पडते. काचेचे छत लाकडातच कोरून गडद करड्या रंगाने रंगवावे आणि त्यावर चौकटीच्या रेषा बारीक कुंचल्याने काढाव्यात. पांगाऱ्याची छिद्रे रंग पिऊन टाकतात, म्हणून रंगापूर्वी सँडिंग सीलरचे दोन हात देऊन, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश कागदाने घासावे. छायाचित्राचा उपयोग याच्या पुढे सुरू होतो: अक्षरे कोठे होती, वर्तुळ किती मोठे होते, कोणत्या पत्र्याचा रंग उडाला होता, हे त्यावरूनच पाहावे. आपण पाठवलेल्या प्रतीत अनुक्रमांकाचा भाग अंगठ्याखाली झाकला गेला आहे. दोन्ही बाजूंचा स्कॅन पाठवल्यास अनुक्रमांकावरून मार्क कोणता, हे पुढील अंकात सांगता येईल.